चित्रातला सूर्य, चित्रातली हवा

शाळेतल्या कोणत्याही मुलाला ‘निसर्गचित्र काढ’ म्हणून सांगावे. पाच मिनिटांत कागदावर दोन त्रिकोणी डोंगर उभे राहतात, त्यांच्या खिंडीतून अर्धा सूर्य डोके वर काढतो, त्याला किरणांच्या रेघा फुटतात, डोंगरातून एक नदी वाकडीतिकडी वाहत येते आणि काठावर एक झोपडी व दोन माड उभे राहतात. मूल बेळगावचे असो की इंदूरचे, चित्र हेच. असा देखावा त्याने बहुधा कधी पाहिलेला नसतो. तो सर्वस्वी काल्पनिक असतो. त्याबद्दल आमची तक्रार नाही. परंतु ज्याने चित्राकडे थोडे लक्ष देऊन पाहिले आहे त्यास एक गोष्ट खटकल्यावाचून राहत नाही. सूर्य चित्रात आहे, पण त्याचा उजेड कोठेही पडलेला नाही. डोंगर सूर्यापाशी जितका हिरवा तितकाच कागदाच्या कडेशी हिरवा. झोपडीला सावली नाही. नदीच्या पाण्यात सूर्याचा मागमूस नाही. आणि डोंगर व आपण यांच्यामध्ये जी हवा असावयाची, ती तर मुळीच नाही.

मुलांना हसण्याचे कारण नाही. युरोपातील थोर चित्रकारांनाही ही अडचण सोडविण्यास शतके लागली. देखावा कल्पनेने रचणे त्या मानाने सोपे होते. त्यात खरा उजेड आणि खरी हवा आणणे अवघड होते. ते साधण्यात ज्याचा वाटा फार मोठा, त्या एका चित्रकाराविषयी आज बोलावयाचे आहे.

त्याच्या आधीची स्थिती थोडक्यात सांगतो. अँटवर्पचा पातिनिर हा चित्रकार १५२४ मध्ये वारला. सुळक्यांसारखे कडे, नद्या, बंदरे, गावे, सगळे जग एका फळीवर मांडलेले, असे त्याचे काल्पनिक देखावे असत. दूरत्व दाखविण्याची त्याची युक्ती ठरलेली होती: जवळचा पट्टा तपकिरी, मधला हिरवा, लांबचा निळा. लांबचे डोंगर निळसर दिसतात ते मधल्या हवेमुळे, हे लिओनार्दोने आपल्या टिपणांत स्पष्ट लिहून ठेवले होते. पातिनिरने त्याचा जणू कायदाच केला. पुढे १५२९ मध्ये जर्मन चित्रकार आल्तडोर्फर याने सिकंदराच्या इस्ससच्या लढाईचे चित्र काढले. त्यात खाली मुंग्यांसारखे सैन्य आणि वर समुद्र, पर्वत व मावळणारा सूर्य असा भव्य देखावा आहे. सूर्य तेथे आहे खरा, पण तो लढाईचा साक्षीदार म्हणून आहे. एल्सहायमर या आणखी एका जर्मनाने १६०९ मध्ये एका लहानशा तांब्याच्या पत्र्यावर बाळ येशूला घेऊन मिसर देशी पळून चाललेले कुटुंब रंगविले. रात्रीची वेळ आहे, आकाशात चंद्र आणि आकाशगंगा आहे, पाण्यात चंद्राचे प्रतिबिंब आहे. हा चित्रकार रोममध्ये राहत होता व तेथेच १६१० मध्ये तरुण वयात गेला. रोमच्या चित्रकारांना उजेडाची गोडी लावण्यात त्याचा हात मोठा आहे.

आता आमचा चित्रकार. त्याचे नाव क्लोद झेले. जन्म सतराव्या शतकाच्या अगदी आरंभी, लॉरेन या संस्थानातील शामान्य नावाच्या खेड्यात. तो रोममध्ये स्थायिक झाला आणि गावाच्या नावाने माणूस ओळखावा तसा ‘लॉरेनचा क्लोद’ म्हणून ओळखला गेला. आज जग त्याला क्लोद लॉरेन म्हणते. घरची गरिबी; शाळेत फारशी प्रगती नाही. मिठाई व पेस्ट्री करण्याचे काम तो शिकला, असे त्याचा मित्र व चरित्रकार झांद्रार्ट सांगतो. रोमला आल्यावर आगोस्तिनो तास्सी या चित्रकाराच्या घरी तो नोकर म्हणून राहिला व घरकामाबरोबर रंग घोटता घोटता विद्या शिकला. तास्सी हा भिंतींवर खोट्या कमानी, खोटे खांब आणि समुद्राचे देखावे रंगविण्यात वाकबगार होता. क्लोदच्या बंदरांत पुढे जे राजवाडे व खांब दिसतात त्यांचे मूळ या घरात आहे. १६२५ मध्ये क्लोद मायदेशी गेला, दोन वर्षांत परत आला आणि नंतर १६८२ मध्ये मरेपर्यंत रोम सोडून गेला नाही.

झांद्रार्टने त्याची जी हकीकत लिहिली आहे ती मला फार मोलाची वाटते. उजाडण्यापूर्वीच हा मनुष्य रोमबाहेरच्या माळावर जाऊन पडे तो रात्र होईपर्यंत. पहाटेचा लालिमा कसा चढतो, सूर्य वर येताना रंग कसे बदलतात, संध्याकाळी ते कसे उतरतात, हे पाहून तो त्याप्रमाणे रंग मिसळून पाही आणि ते घरी आणून चित्रात लावी. येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. माळावरून तो झाड किंवा टेकडी नेमकी उचलून आणीत होता असे नाही. झाडांची, गुरांची, ओढ्यांची रेखाटने त्याने पुष्कळ केली आहेत. परंतु त्याच्या मोठ्या तैलचित्रांतले देखावे बहुतांशी जुळवलेले आहेत. तिवोलीचे एक देऊळ, दुसरीकडचा पूल, तिसरीकडची टेकडी, आणि नकाशात कोठेही न सापडणारे बंदर. स्थळ कल्पनेचे होते. वेळ मात्र खरी होती. सकाळचे सात म्हणजे सातच. सहा नव्हेत की आठ नव्हेत.

लंडनच्या नॅशनल गॅलरीत त्याचे १६४८ चे एक चित्र आहे. सुमारे दीड मीटर उंच, दोन मीटर रुंद. विषय आहे शबाची राणी शलमोन राजाच्या भेटीस निघते तो. आता बायबल ज्याने वाचले आहे त्यास ठाऊक आहे की ही राणी उंटांवर सुगंधी द्रव्ये, सोने आणि रत्ने लादून यरुशलेमेस आली. जहाजाचा तेथे उल्लेख नाही. क्लोदने तिला बिनदिक्कत समुद्राच्या काठावर आणून उभे केले. का? तिला बंदर हवे होते म्हणून नव्हे. त्याला हवे होते म्हणून. उगवता सूर्य मोकळा दिसावा, त्याच्या आड झाड-डोंगर काही येऊ नये आणि त्याचा उजेड थेट प्रेक्षकाच्या पायांपर्यंत यावा, यासाठी पाण्यासारखी दुसरी जागा नाही.

चित्राची रचना पाहण्यासारखी आहे. डाव्या हातास एका पडक्या इमारतीचे उंच खांब, उजव्या हातास राजवाडा आणि त्याच्या पायऱ्यांवरून उतरणारी राणी. आपल्या संगीत नाटकांत दोन्ही बाजूंना पाखे लावून मधे मोकळा रंगमंच ठेवीत, तशी ही मांडणी. त्या मोकळ्या जागेत समुद्र, आणि समुद्रावर, क्षितिजाच्या थोडा वर, सूर्य. उघडा सूर्य. तो आपल्याकडे तोंड करून आहे. म्हणून खांब, शिडे, माणसे या सर्वांची आपल्याकडची बाजू सावलीत आहे आणि कडांना तेवढी सोनेरी रेघ आहे. जवळच्या लाटा गडद हिरव्या. त्यांच्या माथ्यांवर उजेडाचे तुकडे पडलेले. ते तुकडे जसजसे लांब जातात तसतसे बारीक व दाट होतात, आणि अखेर पाणी व प्रकाश वेगळे ओळखू येत नाहीत. लांबच्या जहाजांना तर रंगच उरलेला नाही. ती हवेत विरलेली आहेत. डावीकडे एक माणूस उन्हाची तिरीप चुकविण्यासाठी डोळ्यांवर हात धरून बसला आहे. माझ्या मते चित्राचा खरा नायक तो. राणी कथेसाठी आहे. हा माणूस मात्र आपण जे पाहतो तेच पाहतो आहे.

क्लोदने सूर्य ‘रंगविला’ असे म्हणणेही पुरेसे नाही. पांढऱ्या-पिवळ्या रंगाचा एक ठिपका कोणीही लावील. रंगपेटीतला सर्वांत उजळ रंगदेखील खऱ्या सूर्यापुढे काळोखच होय. त्यामुळे सूर्याची नक्कल करणे अशक्यच आहे. त्याने केले ते निराळे. सूर्यापासून दूर जाताना आकाशाचा पिवळा फिका होत होत निळ्यात कसा मिळतो, त्यात एकही पायरी दिसू नये, इतक्या हळूहळू तो रंग बदलीत गेला. जवळच्या वस्तू मुद्दाम गडद ठेवल्या. म्हणजे सूर्य त्याने सूर्याच्या जागी कमी आणि सूर्याभोवतालच्या जगात अधिक दाखविला. शास्त्र याला दुजोरा देते. क्षितिजावरच्या सूर्याचा प्रकाश डोक्यावरच्या सूर्यापेक्षा कितीतरी अधिक जाडीच्या हवेतून येतो. वाटेत निळा अंश विखरून जातो व तांबूस-पिवळा उरतो. आकाशाच्या निळेपणाचा हा खुलासा लॉर्ड रॅलेने १८७१ मध्ये मांडला. क्लोदला गणित येत नव्हते, त्याला धड लिहिताही येत नव्हते. पण डोळा बरोबर होता.

माणसे काढण्यात तो कच्चा होता, हे त्यालाही माहीत होते. देखावा मी विकतो आणि माणसे फुकट देतो, असे तो थट्टेने म्हणत असल्याचे सांगतात.

एवढे कौतुक केल्यावर एक अवघड प्रश्न विचारला पाहिजे. ज्या माळावर हा मनुष्य दिवस दिवस पडून राही, तो रोमभोवतालचा काम्पान्या प्रदेश कसा होता? तो ओसाड होता, आणि ओसाड असण्याचे एक मोठे कारण हिवताप होते. ‘मलेरिया’ हा शब्दच मुळी इटालियन. त्याचा अर्थ ‘वाईट हवा’. दलदलीतून उठणारी दमट वाफ अंगात शिरून ताप येतो, अशी लोकांची समजूत होती. म्हणजे क्लोदच्या चित्रात जी सोनेरी धूसरता आपणांस मोहविते, तिलाच त्या मुलखातील शेतकरी व गुराखी भीत असले पाहिजेत. दोष हवेचा नव्हता, डासाचा होता. त्याचा निर्णायक पुरावा २० ऑगस्ट १८९७ रोजी हाती आला, आणि तोही आपल्या हैदराबादजवळच्या सिकंदराबादेत, रोनाल्ड रॉसच्या सूक्ष्मदर्शकाखाली. क्लोदच्या चित्रांतले गुराखी मात्र कधी आजारी दिसत नाहीत. ते बासरी वाजवितात, शेळ्या पाण्यातून उतरतात, ऊन कलत असते.

दुसरी गोष्ट याहून जड आहे. क्लोद रोममध्ये शांत सकाळी रंगवीत होता त्या काळात त्याची जन्मभूमी तीस वर्षांच्या युद्धात भरडली जात होती. १६३३ मध्ये फ्रेंच फौजा लॉरेनमध्ये शिरल्या. त्याच वर्षी त्याच प्रांतातल्या नान्सी गावच्या जाक कालो याने युद्धाच्या यातनांवर अठरा लहान कोरीवचित्रे प्रसिद्ध केली. त्यांत लूट आहे, जळणारे मठ आहेत, आणि एका झाडाला फळांसारखी लटकलेली माणसे आहेत. दोघे एकाच मातीतले. एकाने पाहिले ते कोरले, दुसऱ्याने जे कोठेच नव्हते ते रंगविले. मग क्लोद हा पळपुटा म्हणावयाचा काय? ज्यांनी त्याची चित्रे विकत घेतली ते पोप, कार्डिनल आणि सरदार होते. त्यांना दिवाणखान्यात कालोचे झाड नको होते, हे उघड आहे. पोप आठवा अर्बन याच्यासाठीही क्लोदने चित्रे केली. हा हिशेब झाकून ठेवण्याचे कारण नाही. तरीही माझा कल क्लोदच्या बाजूने आहे. तो अमुक गाव असे आहे, असे म्हणत नव्हता. तो म्हणत होता, सकाळ अशी होते. आणि सकाळ तशीच होते, जळलेल्या गावावरसुद्धा.

त्याची एक वही होती. तिच्यात त्याने १६३५ च्या सुमारापासून आपल्या प्रत्येक पुऱ्या झालेल्या चित्राची नक्कल काढून ठेवली. काही पाने पांढरी, काही निळी. चित्रे सुमारे दोनशे. पानामागे गिऱ्हाइकाचे नाव. त्याचे नाव झाल्यावर लोक खोटी चित्रे करून त्याच्या नावाने विकू लागले, म्हणून ही वही ठेवली, असे बाल्दिनुच्ची हा चरित्रकार लिहितो. तो वहीला दोन नावे देतो: ‘कल्पनांची वही’ किंवा ‘सत्याची वही’. दुसरे नाव टिकले. चोराला पकडण्यासाठी ठेवलेल्या दप्तराचे हे नाव. पण ज्याची स्थळे सगळी खोटी त्याच्या वहीस ते शोभून दिसते. ती वही १९५७ पासून ब्रिटिश म्युझियममध्ये आहे.

१७७७ मध्ये या वहीची छापील आवृत्ती निघाली आणि आधीच चढलेले वेड आणखी वाढले. इंग्रज जमीनदारांनी आपल्या बागा क्लोदच्या चित्रासारख्या करून घेतल्या. प्रवासी ‘क्लोदचा आरसा’ नावाचा लहान, काळसर, किंचित फुगीर आरसा खिशात ठेवू लागले. देखाव्याकडे पाठ करून त्यात पाहिले की रंग मऊ होऊन देखावा क्लोदच्या चित्रासारखा दिसे. स्वतः क्लोदचा या आरशाशी काही संबंध नाही. टॉमस ग्रे हा कवी १७६९ मध्ये असा आरसा हातात घेऊन चालत असता चिखलाच्या वाटेवर पाठीवर पडला. निसर्गाकडे पाठ करणाऱ्यास निसर्गाने दिलेली ही सौम्य शिक्षा म्हणावी. सुदैवाने बोटांची पेरे खरचटली तेवढीच.

ही दृष्टी आपल्याकडेही येऊन पोहोचली, ती कशी हे ग्वाल्हेरच्या श्रोत्यांनी विशेष ऐकावे. रिचर्ड विल्सन हा वेल्श चित्रकार इटलीत जाऊन क्लोदचा उजेड शिकून आला. त्याचा शिष्य विल्यम हॉजेस. हा कॅप्टन कुकच्या दुसऱ्या सफरीत दक्षिण समुद्रात हिंडला, १७८० मध्ये हिंदुस्थानात आला आणि १७८३ मध्ये ग्वाल्हेरीस पोहोचला. तीनच वर्षांपूर्वी पॉपहॅम या इंग्रज अधिकाऱ्याने रात्री शिड्या लावून तो किल्ला घेतला होता. आणि महादजी शिंद्यांनी तो परत मिळविला ते वर्षही १७८३ च. हॉजेसच्या हिंदुस्थानच्या निवडक देखाव्यांच्या संग्रहात हा किल्ला आहे. किल्ला खरा आहे, काल्पनिक नाही. परंतु गुरुघराण्यातून आलेला उजेड बरोबर आणला की डोळा आधीच ठरवून बसतो की ढग कोठे असावा आणि सावली कोठे. काल्पनिक देखाव्यात खरा उजेड आणणे ही क्लोदची करामत. खऱ्या देखाव्यावर शिकलेला उजेड घालणे हे त्याच्या अनुयायांचे काम. आणि ते नेहमीच निरुपद्रवी असते असे मी म्हणणार नाही. ज्या मुलखात नुकती तोफ वाजली तो मुलूख त्या उजेडात फार लवकर निवांत दिसू लागतो.

परत लंडनला येऊ. शबाच्या राणीचे ते चित्र अँगरस्टाइन या व्यापाऱ्याकडे होते. तरुण टर्नर ते पाहून रडला, असे आपल्याला कधी काढता येणार नाही म्हणून रडला, अशी आख्यायिका आहे. १८२४ मध्ये अँगरस्टाइनची ३८ चित्रे सरकारने घेतली आणि त्यांवर नॅशनल गॅलरी उभी राहिली. तिला चित्रे देणाऱ्यांत सर जॉर्ज बोमंट हे होते. त्यांच्याजवळ क्लोदचे हागार व देवदूताचे एक लहान चित्र होते. ते प्रवासातही ते गाडीत घालून नेत. गॅलरीला देऊन टाकल्यावर त्यांना करमेना. मरेपर्यंत ते मजजवळ राहू द्या, अशी त्यांनी विनंती केली. ती मान्य झाली. हेच चित्र पाहून पोरवयातला कॉन्स्टेबल देखाव्याच्या मार्गास लागला होता.

टर्नरने रडणे सोडून हट्ट धरला. १८१५ मध्ये त्याने डायडो राणी कार्थेज नगर वसविते तो देखावा काढला: पुन्हा इमारती, पुन्हा पाणी, पुन्हा समोर सूर्य. आपले हे चित्र आणि धुक्यातून उगवत्या सूर्याचे दुसरे एक चित्र गॅलरीने घ्यावे, पण क्लोदच्या दोन चित्रांच्या शेजारी टांगावे, अशी अट त्याने मृत्युपत्रात घातली. १८५१ मध्ये तो गेला. चित्रे आजही शेजारी शेजारी आहेत. गंमत अशी की टर्नरचा मोठा कैवारी रस्किन याने १८४३ मध्ये क्लोदवर कडाडून टीका केली: याची झाडे खोटी, खडक खोटे, डोंगर खोटे. पुस्तकाच्या मानाने तो बरोबरच होता. परंतु पुढे त्यालाही कबूल करावे लागले की आकाशात सूर्य खऱ्या अर्थाने आणला तो याच मनुष्याने. शिष्याने जे पहिल्या नजरेत ओळखले ते टीकाकाराला उशिरा दिसले. झाडे मोजणाऱ्यास हा चित्रकार सापडत नाही.

क्लोदच्या उतारवयातील चित्रांत सूर्याचे बिंब क्वचित दिसते. सोने ओसरते, चांदी येते. १६६४ मध्ये त्याने कोलोन्ना या सरदारासाठी सायकीचे चित्र काढले: पाण्याच्या काठी एकटी बसलेली स्त्री, मागे काळोखा प्रचंड राजवाडा, मावळतीचा थंड उजेड. प्रियकर अजून भेटावयाचा आहे की सोडून गेला आहे, याबद्दल जाणत्यांत एकमत नाही, आणि तो उजेड कोणाच्याही बाजूने साक्ष देत नाही.

त्याचे शेवटचे चित्र १६८२ चे, याच कोलोन्नासाठी केलेले. ते ऑक्सफर्डच्या ॲशमोलियन संग्रहालयात आहे. व्हर्जिलच्या महाकाव्यातील प्रसंग आहे. डावीकडे इनियसचा मुलगा अस्कानियस धनुष्य ओढून उभा आहे, मध्ये पाणी, पलीकडे सिल्वियाचे पाळीव सांबर मान वळवून त्याच्याकडे पाहते आहे. हा बाण सुटला की त्यातून लातियमचे युद्ध पेटणार आहे. जन्मभर शांत सकाळी रंगविणाऱ्याने अखेरीस हा क्षण निवडला. माणसे नेहमीप्रमाणे कच्चीच, लांबुडकी, काडीसारखी. खांबांच्या मागची झाडे वाऱ्याने एका अंगास कलली आहेत. सूर्य चित्रात नाही. निळसर, राखी उजेड सर्वत्र सारखा पसरला आहे, दूरचे डोंगर त्यात जवळजवळ विरघळले आहेत, आणि बाण अजून सुटलेला नाही.